पायाखालचा सूर्य

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे सेमिनारला कुठला विषय घ्यावा, हे विचारायला घरी कोणी नव्हतं. सांगलीत कॉलेजच्या ग्रंथालयात एका लेखात वाचलं, की पृथ्वीच्या गाभ्यात प्रचंड दाबाखाली हायड्रोजनचे अणू एकमेकांत मिसळत असावेत, सूर्यात होतं तसं संलयन तिथंही होत असावं, असं काही संशोधकांना वाटतं. बहुतेकांना ते पटत नाही. गाभा सूर्याच्या मानाने फारच थंड आहे. तरी मी तोच विषय घेतला. इतक्या खोल काय चाललंय हा प्रश्न कोणाला तरी पडतो, याचंच मला अप्रूप वाटलं. भीती एकच होती. सरांनी काही विचारलं आणि उत्तर आलं नाही, तर?

सुट्टीत कोयनानगरला आत्याकडे गेलो. सकाळी ती तांदूळ निवडत बसली होती. तिच्यापुढे भाषणाची तालीम केली. ‘कदाचित’, ‘असावं’ म्हणताना अडखळत होतो, म्हणून ते शब्द गाळूनच टाकले. ठणकावून म्हणालो, “आत्या, आपल्या पायाखाली एक सूर्य पेटलाय!”

आत्याचा हात थांबला. “वाढतूया का रं त्यो?”

मी हसलो. जमीन हलली की अंगणात जाऊन उभं राहायचं आणि मग आत येऊन पडलेली भांडी पुन्हा फळीवर लावायची, अशा गावात मी हे बोलतोय, हे ध्यानातच आलं नाही.

आत्याकडून ऐकून संध्याकाळी शेजारचे काका-काकू दारात हजर. काका धरणावरून निवृत्त झालेले. “काय रं गड्या, खाली सूर्य हाय म्हनं? मग आमी कुटं जायाचं, ते बी सांग.”

काकू हसल्या नाहीत. “माजी लेक बाळंतपनाला यायची हाय. बोलवू का नगं?”

मी घाईने म्हणालो, “बोलवा, काकू. इथले धक्के वेगळे, ते वरच्या खडकातले. गाभा हजारो किलोमीटर खाली. आणि तिथं संलयन होतं का, ते... ठाऊक नाही. बहुतेक होत नसावं.”

“मग सकाळी तसंच म्हनायचं की!” काका म्हणाले. जरा वेळाने स्वतःच विचारू लागले, “पर खाली उतरल्याबिगर कळायचं कसं?”

ज्वालामुखीतून वर येणारे वायू खोलातली खबर आणतात, हे मी सांगितलं. जेवणं होईपर्यंत ते विचारत राहिले. मध्येच म्हणाले, “लय भारी मानसं. न बघता हुडकत्यात.” काकूंनी तिथूनच लेकीला फोन लावला. “ये गं. हितं समदं बरं हाय.”

सेमिनारला सरांनी विचारलंच, “मग होतं की नाही संलयन?”

मी टेबलाची कड धरली. “ठाऊक नाही, सर. होत नसावं. पण ते कसं तपासता येईल, ते सांगू का?”

सरांनी खुर्ची पुढे ओढली.