मोडी पत्राचा मी लिहिलेला गोषवारा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. लिहिणं हे शिकल्यासवरल्या घरांतल्या लोकांचं काम, असं अजूनही वाटतं. तेव्हा हा आगाऊपणा पोटात घाला. पण हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — आईला नाही, बायकोलाही नाही.

इंग्लंडमध्ये एम.ए. करत होतो. क्वेकर पंथाच्या एका छोट्या कॉलेजच्या आर्काइव्हमध्ये आठवड्यातून दोन दुपारी काम मिळालं. वऱ्हाडात मुलींचा अनाथाश्रम चालवलेल्या एका मिशनरी बाईंचे कागद तिथे जपले होते — डायऱ्या, पत्रं. त्यांतलं एक पत्र मोडीत. पाकिटावर बाईंनी पेन्सिलीने इंग्रजीत लिहिलं होतं, ‘गंगूच्या आईकडून’. आर्काइव्ह सांभाळणाऱ्या हेलनने विचारलं, "तुला वाचता येईल ना हे?"

मी हो म्हणालो.

का म्हणालो? मोडी मला कुठून येणार — आमचे आजोबा तर अंगठेबहाद्दर. पण त्या देशात पहिल्यांदाच कुणीतरी मला जाणकार समजत होतं. आणि क्वेकर लोक शपथ घेत नाहीत. माणूस एरवीही खरंच बोलतो, असं धरून चालतात. हेलनने पुन्हा विचारलं नाही. वरच्या ‘श्री’पलीकडे मला एक अक्षर लागलं नाही. मी सूचीत लिहिलं — ‘मुलीला आश्रमात ठेवून घेतल्याबद्दल एका आईने मानलेले आभार.’ त्याने कुणाचं काय बिघडणार होतं?

सूची वाचून ब्रिस्टलहून मार्गारेटबाई आल्या. ऐंशीच्या घरातल्या. गंगू म्हणजे त्यांची आई. मिशनरी बाईंनीच तिला इंग्लंडला आणलं होतं. "आईला कायम सांगितलं गेलं, तुझ्यामागे विचारायला कुणी आलं नाही," त्या म्हणाल्या. "हे बघ पोरा, गोड करून सांगू नकोस. आजीने आईला परत मागितलंय का?"

तेव्हा तरी सांगता आलं असतं ना? ‘मला वाचता येत नाही’ — एवढंच. हेलन शेजारी उभी होती. मी ओळींवरून बोट फिरवलं, अगदी वाचत असल्यासारखं — आणि म्हणालो, "नाही. आभारच मानलेत."

"म्हणजे कुणी आलं नाही, ते खरंच होतं तर."

त्यांनी पत्र हळूच पाकिटात परत ठेवलं. त्यांचा चेहरा मी पाहिला. पाहूनही गप्प राहिलो. जाताना त्यांनी डब्यातलं अर्धं सँडविच मला दिलं — "फार वाळलायस रे!" मी ते खाल्लं.

दर नाताळात त्यांचं कार्ड यायचं. मी उत्तर पाठवायचो. दर वर्षी वाटायचं, यंदा खरं काय ते लिहू — आणि दर वर्षी नुसत्या शुभेच्छा लिहायचो.

पुढे लेस्टरला नोकरी लागली. तिथे एके दिवशी हेलनची ईमेल आली. पुण्याच्या एका मोडी वाचणाऱ्या बाईंनी ते पत्र वाचलं होतं. ‘तुझी नजरचूक झाली असेल, जुनं अक्षर होतं,’ हेलनने लिहिलं होतं. खाली पत्राचा मजकूर. दुष्काळ सरला आहे, घरात ज्वारी आली आहे. मी दोनदा दारात आले, मला आत घेतलं नाही. माझी गंगू मला परत द्या.

त्याखाली आणखी एक ओळ होती. मार्गारेटबाई तीन आठवड्यांपूर्वी वारल्या.