खाऱ्या पाण्याचे परबकाका

परबकाका कुणाच्याही घरी गेले की आधी ग्लासभर पाणी मागायचे, एक घोट तोंडात फिरवायचे आणि निकाल द्यायचे. "सोसायटीची टाकी धुवून घ्या. गाळ लागतो." लोक त्यांना चहाला बोलवायला कचरायचे. आम्ही नाहूरला त्यांच्या शेजारी राहायला गेलो तेव्हा मात्र घोट गिळून म्हणाले, "बरा आसा." आईला पदक मिळाल्यासारखं झालं.

विक्रोळीच्या कारखान्यात जन्मभर बॉयलर सांभाळलेला माणूस. निवृत्त झाल्यावर घरातच समुद्राच्या पाण्याची काचेची टाकी करून बसला. माशांचं कौतुक कमी, कोरलांचं, म्हणजे जिवंत प्रवाळांचं, जास्त.

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली पहिली मी, केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. हे मी आजही न लाजता सांगते. काका माझ्याहून जास्त सांगायचे. रविवारी दार उघडं ठेवून हाक मारायचे, "ये गे बी.एस्सी., थेंब मोज!" टाकीतलं थोडं पाणी बाटलीत घ्यायचं, निळं करायचं आणि पिवळं होईपर्यंत थेंब टाकायचे. त्यावरून अल्कलिनिटी कळते. कोरलं ज्या क्षारावर सांगाडा बांधतात, त्याचं हे माप. काकांचा आकडा बारा. कोरलं भराभर वाढायची, पण ते टिकवायला रोज सोड्याचं द्रावण घालावं लागायचं. आकडा उतरला की काका सोडा वाढवायचे.

मग त्यांचं लिव्हरचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी फार आशा ठेवू नका म्हणून सांगितलं. त्या रविवारी काकांनी मला टाकीचं पाणी बनवायच्या मिठाचा नवा डबा दाखवला, कमी क्षाराचा. स्वयंपाकघरातल्या काकूंकडे बघत हळूच म्हणाले, "हिका ह्यो रोजचो व्याप झेपूचो नाय. आठावर आणून ठेवतंय. वाढतली सावकाश, पण आठवड्याच्या बदललेल्या पाण्यावर जगतली."

एकदम बदललं तर कोरलं पांढरी पडून मरतात. म्हणून दर आठवड्याला थोडंच पाणी बदलायचं. बादलीत जुनं मीठ जास्त, नवं नावापुरतं. पुढच्या खेपेला नवं जरा वाढवायचं, रोजचा सोडा जरा कमी करायचा. मी आठवडाभर लॅबमधल्या नोकरीत पिचलेली असायचे. एकदा म्हणाले, "काका, जरा भरभर नाही का उरकता येणार?"

"माका घाई आसा," काका म्हणाले. "त्यांका नाय."

आकडा दहावर आला आणि काकांना हॉस्पिटलात ठेवावं लागलं. ते घरी आल्यावर मी थेंब मोजले. पुन्हा मोजले. परत बारा! काही कोरलांची टोकं पांढरी पडली होती.

"मीच घातला सोडा," काकू स्वयंपाकघरातून आल्या. "ही पोरगी दर रविवारी कमी कमी सांगत होती. म्हटलं, हे नाहीत, निदान टाकी तरी सांभाळूया."

"अगो, मी मुद्दाम उतरवत होतंय!"

"मग बोलायचं ना! कोणासाठी उतरवत होतात?"

"तुझ्यासाठी गो. माझ्या मागे तुका जड जाऊ नये म्हणून."

"मला विचारलंत कधी?"

काका खाटेवर टेकले. मग दमलेल्या आवाजात म्हणाले, "आता विचारतंय. ठेवतलंस, की देऊन टाकू कोणाक?"

काकू टाकीकडे बघत राहिल्या. "ठेवा. पण थेंब मी मोजणार. आणि तुम्ही मधे बोलायचं नाही."

"बी.एस्सी., तुझी नोकरी गेली गे," काका हसले. हसूनही त्यांना धाप लागली.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. काकू मोठ्याने थेंब मोजायच्या, काका डोळे मिटून ऐकायचे. मधे बोलायचेच. "थेंबांची बाटली सरळ धर गो." "बोलू नका म्हटलं ना!" नंतर नंतर नुसतं बोट हलवायचे. आकडा नऊवर होता तेव्हा ते गेले.

पाहुणे पांगल्यावर मी काकूंकडे गेले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. "काकू, थोडंच राहिलंय," मी म्हणाले. "आज सगळं नव्या मिठाचं पाणी घालून मोकळ्या व्हा."

काकूंनी बादलीत आधी जुन्या डब्यातलं मीठ घेतलं, मग नव्यातलं. ढवळलं, वाट पाहिली, लहान मगाने थोडं थोडं टाकीत सोडलं. मी पाण्याची बादली उचलायला वाकले.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तू दमून आलीस. मला जमतं."

त्यांनी झाकण लावलं, हात पुसले आणि आत जाऊन आडव्या झाल्या.