चहात न्हालेली अंडी

आमच्या अंड्यांचे स्टिकर आता नात छापून आणते. गोल, गुळगुळीत, वर कोंबडीचं चित्र. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत एक ओळ असते, ‘रंग दिलेला नाही’. दर खेपेला ती मला विचारते, “आजी, ही ओळ काढू का? अंड्याला रंग कोण देतं?”

“देत असतं एखादं येडं,” मी म्हणते आणि दुसरीकडे बघते.

ते येडं तेव्हा तिशीतलं होतं, दोन वेण्या घालायचं आणि स्वतःला फार हुशार समजायचं. आमची वस्ती राहात्यापासून थोडी आत, पेरूच्या बागेला लागून. बारा कोंबड्या होत्या माझ्या. सकाळी भुशात हात घातला की अंडं ऊन लागायचं. ते उजेडासमोर धरायचं, आत पिवळा डाग तरंगायचा, आणि मी कितीतरी वेळ तशीच उभी राहायची. चुलीवरचं दूध उतू जाऊन खाली चरचरलं की सासूबाई आतून ओरडायच्या, “सूर्य उगवला का गं तुझ्या अंड्यात?”

प्रत्येक अंड्यावर मी पेन्सिलीनं तारीख घालायची आणि सहांच्या पुडक्यावर चिठ्ठी चिकटवायची. कागद कुठला आणायचा? जुन्या लग्नपत्रिका कापायच्या. कोऱ्या बाजूला ‘घरच्या कोंबड्यांची गावरान अंडी’ असं वळणदार लिहायचं. चिठ्ठी उलटली तर कुणाच्या तरी हळदीची वेळ निघायची.

पुडकी पिशवीत भरून, ती मांडीवर धरून मी रिक्षानं राहात्याला जायची, एका किराणा दुकानात. दोन्हीकडून पेरूच्या बागा, मध्येच उसाची हिरवी भिंत, वाऱ्याला पिकल्या पेरूचा वास. घरचं कुणी बरोबर नाही. लग्न झाल्यापासून मी एकटी कुठं गेले असेन तर ती त्या दुकानापर्यंतच. सासूबाईंनी बजावलं होतं, “दुकानदारानं नको म्हटलं त्या दिवशी कोंबड्या बाजारात जातील. मग बस घरी.” म्हणून मला त्या दुकानदाराची भीती वाटायची. एवढा गरीब माणूस, पण मी त्याच्या भुवया बघत राहायची.

एक दिवस त्या भुवया वर गेल्या. “वैनी, गिऱ्हाईक कुरकुर करतंय. गावरान म्हटलं की लोकांना तांबूस अंडं लागतं. तुमची तर पांढुरकी.”

“कोंबड्या घालतात तशी घालतात, दादा.”

“ते मला कळतंय हो. गिऱ्हाइकाला कुठं कळतं?”

परत येताना रिक्षात मी विचार करत आले आणि बागा दिसल्याच नाहीत. मग दुपारी, घर निजलेलं असताना, मी डबाभर चहापत्ती उकळली, पाणी निवू दिलं आणि अंडी त्यात सोडली. काय सांगू, दिसायला इतकं सुंदर होतं ते! तांबड्या पाण्यात अंडी हळूच बुडायची, एकमेकांना टेकायची, खिडकीतलं ऊन त्यांच्यावर हलायचं. मला वाटलं, मी काही खोटं करत नाही. खरी अंडी खरी दिसावीत, एवढंच. अशी अक्कल माझी.

संध्याकाळी सासूबाईंनी डबा उघडला. “अंड्यांना चहा पाजलास आन् मला गरम पाणी?”

चार दिवसांनी दुकानदाराचा फोन आला. “वैनी, लगेच या. गडबड झालीय.” एका निवृत्त शिक्षिकेनं उकडायच्या आधी अंडी धुतली होती. पाणी तांबडं झालं आणि खालून पांढुरकं अंडं निघालं. बाईंनी दुकानात येऊन चारचौघांत सांगितलं, “ही पोल्ट्रीतली मशीनची पांढरी अंडी हायेत. चहात बुडवून गावरान म्हणून विकतात. मला काय नवं न्हाई.”

अंडी खरी आणि मी खोटी. हे सांगायचं कसं? सांगून कोण ऐकणार? दुसऱ्या दिवशी मी उघड्या मानेच्या कोंबडीला बाजाराच्या पिशवीत घातलं, मान बाहेर काढली आणि निघाले. ही दुपारच्या आत हमखास अंडं घालायची.

दुकानदारानं कपाळाला हात लावला. “वैनी, आज गुरुवार! शिर्डी इथून हाकेवर. आज माझ्या दुकानात अंड्याचं नाव काढत नाहीत, आणि तुम्ही अख्खी कोंबडी आणली?”

शहाणीला वार आठवला नव्हता. पण बाईंना त्यानं निरोप धाडलाच. कोंबडीला एक रिकामा खोका दिला. नेमका चहापत्तीचा. लोक नारळ घ्यायचे, खडीसाखर घ्यायचे आणि खोक्यात वाकून बघायचे. बाई आल्या, स्टुलावर बसल्या, पर्स मांडीवर. पंखा फिरत होता, गुळाच्या ढेपेवर माशा बसत होत्या, उदबत्तीचा धूर कोंबडीच्या डोक्यावरून जात होता. माझे डोळे जड झाले. मला वाटलं, हे दुकान पाण्यात आहे आणि आम्ही सगळे हळूहळू बुडतोय, तांबूस होतोय.

कोंबडीच्या आरोळीनं दचकून जागी झाले. खोक्यात अंडं होतं. पांढुरकं.

बाईंनी ते उचललं, ओला अंगठा घासला. काही निघालं नाही. मग त्यांनी ते गालाला लावलं.

“ऊन हाय,” त्या म्हणाल्या. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत, “म्हणजे तुमची अंडी अशीच असतात?”

“व्हय, बाई.”

“मग रंगवली कशाला गं?”

“तुमाला खरी वाटावीत म्हणून.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि असं हसल्या की पर्स खाली पडली. दुकानदार गल्ल्यावर डोकं टेकून हसत होता. मला तोंड लपवायला पदर पुरेना.

“दादा, हिची अंडी ठेवा,” बाई म्हणाल्या. “पण चिठ्ठीवर लिहायचं, रंग दिलेला नाही. आन् हे मी घेते. आज माझा उपास हाय, उद्या खाईन.” त्यांनी ते रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं.

परतीच्या रिक्षात कोंबडी मांडीवर होती, मान पिशवीबाहेर. ती बागा बघत होती. मीही बघत होते, एक एक झाड. उद्या शुक्रवार होता. मला पुन्हा यायचं होतं.