जागा बदललेले निकाल

नोकरीतल्या पुष्कळ घटना आता विसरलो. धुळ्यातली ही एक आजही आठवते, आणि आठवली की मान आपोआप खाली जाते. तिच्यात ना खून होता, ना दरोडा. खरं तर गुन्हाच नव्हता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्या हद्दीत एक खाजगी संगणक केंद्र होतं. जिल्ह्यातल्या चार-पाच संस्थांची कामं तिथे होत. थंड केलेल्या एका खोलीत तीन मोठी मशीनं होती आणि बाहेर पडद्यांसमोर ऑपरेटर बसत. कुठल्या संस्थेचं काम कुठल्या मशीनवर चालवायचं, कुणाला किती जागा द्यायची, हे पूर्वी केंद्राचे व्यवस्थापक स्वतः ठरवत. मग मालकाने पुण्याहून एक प्रोग्राम आणला. ही सगळी वाटणी तो आपणहून करू लागला. तारा त्याच, मशीनं तीच, पण प्रत्येक संस्थेला वाटावं की आपलं नेटवर्क वेगळं आहे. व्यवस्थापक पुण्याला जाऊन त्याचं प्रशिक्षण घेऊन आले होते.

एके सकाळी मालक आणि व्यवस्थापक दोघेही ठाण्यात आले. एका शिक्षणसंस्थेचे परीक्षेचे निकाल मशीनवरून नाहीसे झाले होते. ते आठवड्याभरात जाहीर व्हायचे होते.

"चोरी आहे साहेब," मालक म्हणाले. "कुणीतरी काढून नेले."

मी व्यवस्थापकांकडे पाहिलं. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, बोलणं शांत. त्यांनी मान डोलावली. संगणकातली चोरी म्हणजे नेमकं काय, हे मला कळत नव्हतं. तरी मीही मान डोलावली आणि गुन्हा नोंदवून घेतला. पंचनामा केला. कुलूप शाबूत, खिडक्या शाबूत.

संध्याकाळी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. "केंद्रातली ऑपरेटर मुलगी डब्याच्या पिशवीतून फ्लॉप्या नेते," एवढंच बोलून त्याने फोन ठेवला.

मुलगी बावीस-तेवीस वर्षांची. वडील एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, गल्लीत सगळे त्यांना नाना म्हणत. बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी घ्यायचा असतो. नियमाप्रमाणे महिला कॉन्स्टेबल बरोबर घेऊन मी दुसऱ्या दिवशी दुपारनंतर त्यांच्या घरी गेलो. नियम पाळला, पण जीप त्यांच्या दारात उभी राहिली. शेजारच्या बायका ओट्यावर आल्या. समोरचा किराणा दुकानदार गिऱ्हाईक सोडून बाहेर आला.

घरात हळदीचा वास होता. थोरल्या मुलीचं लग्न ठरलेलं, दोंडाईच्याचं स्थळ. मला पाहताच तिकडून आलेले पाहुणे उठून आतल्या खोलीत गेले.

"फ्लॉपी नेतेस का?" मी विचारलं.

नाना म्हणाले, "सांग बेटा. साहेब विचारी राहिनात."

"नेते."

"काय असतं त्यात?"

तिने आतल्या दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला. "अक्काच्या लग्नाची पत्रिका. छापखानेवाला जास्त सांगत होता. म्हणून केंद्रातल्या मशीनवर तयार केली. न विचारता. साहेब, पाहुण्यांसमोर बोलू नका."

मी फ्लॉपी ताब्यात घेतली आणि तिथूनच केंद्रात गेलो. व्यवस्थापकांनाच ती उघडायला सांगितली. पडद्यावर 'मंगल परिणय' ही अक्षरं आली. खाली वधूवरांची नावं, गावं, 'सहकुटुंब यावे' अशी विनंती. दुसरं काहीही नव्हतं. व्यवस्थापकांनी फ्लॉपी काढून माझ्या हातात दिली. मग त्यांनी विचारलं, "मग आता केस बंद होईल ना?"

ते ऐकून मी सावध झालो. ज्याचा माल गेला त्याचा पहिला प्रश्न असतो, ह्याच्यात नाही तर मग कुठे आहे? आदल्या दिवशी हेच गृहस्थ ठाण्यात तीनदा चौकशी करून गेले होते. आज त्यांना निकालांची काळजी राहिली नव्हती.

मी सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि व्यवस्थापकांना विचारलं, "साहेब, निकाल कुठे आहेत?"

त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

"मी विचारतोय."

"तिसऱ्या मशीनवर," ते म्हणाले. "पहिल्यावर जागा कमी पडली, म्हणून प्रोग्रामनेच उचलून तिकडे ठेवले. मी जुन्या जागीच बघत होतो. आज सकाळी पुण्याच्या इंजिनिअरने फोनवर सांगितलं."

"सकाळी? मग मला का नाही सांगितलं? मी आत्ता त्या पोरीच्या घरून येतोय."

"प्रशिक्षणात मला निम्मं समजलंच नव्हतं. परत येऊन मालकांना सगळं येतं म्हणून सांगितलं. आता त्यांच्यासमोर, ऑपरेटर पोरांसमोर कसं कबूल करू? वाटलं, एक-दोन दिवसांत सापडले म्हणून सांगू." मग ते रडले. त्या वयाचा माणूस रडताना बघणं मला जड गेलं. पण मी त्यांना पाणी दिलं नाही.

मालकाला तिथेच बोलावून सगळं ऐकवलं. मग व्यवस्थापकांना म्हणालो, "चला माझ्याबरोबर. तिच्या घरच्यांसमोर एवढं बोला, बस." ते निघाले. जीप मी गल्लीबाहेरच थांबवली. आम्ही पायी चालू लागलो. कोपऱ्यावर आल्यावर ते थांबले. "तुम्ही व्हा पुढे," म्हणाले.

मी एकटाच आत गेलो. पाहुणे निघून गेले होते. मोठ्याने, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की मुलीचा काही दोष नाही, चोरी झालीच नव्हती, व्यवस्थापकांची समजण्यात चूक झाली. मुलगी भिंतीला टेकून उभी होती. नानांनी माझ्यामागे दाराकडे पाहिलं.

"मंग त्या सायब कोठे शेत?"

"कोपऱ्यावर उभे आहेत."

"बाहेर काब्र उभा शेत? मझार बलावा त्यास्ले. चहा ठेवस." बाहेर का, आत बोलवा, असं अहिराणीत बजावून ते खरंच चहा ठेवायला सांगायला आत गेले.

माझ्यासोबत आलेला एक कॉन्स्टेबल दाराशी थांबला होता, तो त्यांना बोलवायला गेला आणि एकटाच परतला. कोपऱ्यावर कुणी नव्हतं.

निकाल वेळेवर जाहीर झाले. दोंडाईच्याच्या मंडळींनी लग्न पुढे ढकललं. मी साध्या कपड्यांत तिकडे जाऊन त्यांच्या वडीलधाऱ्यांना भेटून आलो, तेव्हा पुढची तारीख निघाली. मुलीने नोकरी सोडली. व्यवस्थापक मात्र त्याच खुर्चीवर राहिले. तो निनावी फोन कुणाचा होता, ते कधीच कळलं नाही.

केस बंद करण्यासाठी मी कोर्टात 'सी' समरी पाठवली. गुन्हा गैरसमजातून दाखल झाला असेल तर ती पाठवतात. त्या कागदात संस्थेचं नाव होतं, मशीनचा क्रमांक होता, प्रोग्रामचाही उल्लेख होता. मुलीचं नाव कुठेच नव्हतं, कारण ती आरोपी नव्हतीच. त्यामुळे तिला निर्दोष म्हणायलाही कागदावर जागा नव्हती. लोभापायी खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ पकडली. लाजेपायी गप्प बसणाऱ्याला कुठलं कलम लावायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि अजूनही माहीत नाही. त्या दिवसापासून एवढंच केलं की फिर्यादीचा एखादा शब्द कळला नाही तर हातातलं पेन खाली ठेवून म्हणायचो, "मला समजलं नाही, पुन्हा सांगा." ठाण्यातली माणसं हसायची. हसू देत.