शेवटच्या इझब्याचं पाणी

रामेश्वर घोलपचा कतार सलवा रोड सोडून दक्षिणेला वळलं की सुरू व्हायचा. तिथे गाव नाही, दुकान नाही, झाड म्हणावं तर एखादी खुरटी बाभूळ. नजर जाईल तिथवर दगडगोट्यांचं माळरान, पूर्वेला वाळूच्या टेकड्या, आणि सखल भागात पांढरी खारी जमीन, वरून टणक, आतून चिखल. देश चालतो उत्तरेच्या गॅसवर. दक्षिणेतून शहराकडे वाळू जाते, बांधकामासाठी. आणि शहरातून दक्षिणेला जातं ते पाणी.

ते पाणी रामेश्वर नेई. मूळचा अंबडकडचा, राहायला बिरकत अल अवामेरच्या कामगार वसाहतीत, आणि टँकर चालवून चालवून कंबर कायमची धरलेली. माळरानावर विखुरलेल्या इझब्यांवर त्याची फेरी असे. इझबा म्हणजे पत्र्याच्या कुंपणातला उंटांचा वाडा, पाण्याची टाकी आणि राखणदाराची खोली. मालक शहरात राहणार, थंडी पडली की तंबू ठोकायला येणार. उन्हाळाभर उंटांजवळ एखादा परदेशी माणूस.

सगळ्यात शेवटच्या इझब्यावर अबूबकर होता. सुदानचा, उंच, कमी बोलणारा. रामेश्वर पाईप जोडी, तोवर तो उंटिणीच्या दुधाचा चहा करी. मोडक्या हिंदीत आणि त्याहून मोडक्या अरबीत दोघांचं भागे. त्याच्या देशात लढाई पेटली होती, घरच्यांचा पत्ता नव्हता. रामेश्वर त्याबद्दल विचारत नसे. विचारून आपण काय करणार, असं त्याला वाटे.

त्या जुलैत टँकरचा पंप बिघडला आणि फेरी चुकली. दुरुस्ती झाल्यावर वाटेतले इझबे परतीवर ठेवून रामेश्वर आधी शेवटच्या इझब्यावर पोचला तेव्हा उंट कोरड्या हौदाला तोंड लावून ओरडत होते. अबूबकर टाकीच्या सावलीत आडवा पडला होता. अंग तव्यासारखं तापलेलं, पण घाम नाही. तो काहीतरी बडबडत होता आणि त्याला रामेश्वरची ओळखही पटत नव्हती.

रामेश्वरने त्याच्या अंगावर पाणी ओतलं, ओला पंचा मानेभोवती गुंडाळला आणि त्याला कसंबसं उचलून केबिनमध्ये एसीसमोर बसवलं. फोनला रेंज नव्हती. ती मिळे डांबरी रस्त्यावर. टाकी भरत बसायला वेळ नव्हता. त्याने हौदात पाणी सोडलं, उंटांच्या घशापुरतं, आणि टँकर वळवला.

लांबच्या वाटेने जायला हवं होतं. पण अबूबकरची मान एकीकडे कलंडली होती, म्हणून रामेश्वरने खाऱ्या जमिनीवरून आडवी वाट धरली. अर्ध्यात मागची चाकं रुतली. जोर द्यावा तशी आणखी खोल जाऊ लागली.

तो खाली उतरला. टँकर अजून जवळजवळ भरलेला होता. वाटेतल्या दोन इझब्यांचं पाणी त्यात होतं. वजन उतरल्याशिवाय चाकं निघणार नव्हती. त्याने वॉल्व्हला हात घातला आणि क्षणभर तसाच उभा राहिला. आदल्याच संध्याकाळी बायको, बबीता, फोनवर म्हणाली होती, "आवं, आपल्याकडं टँकर आलाच नाही. बाया हंडे घेऊन नुसत्या बसल्यात."

त्याने वॉल्व्ह उघडला. पाणी धबधबा खाली आलं, लांब पांघरुणासारखं पसरलं आणि मिठात मुरून गेलं. त्याने तिकडे बघायचं टाळलं. टायरमधली हवा कमी केली, चाकांपुढे केबिनमधल्या गोणपाटांच्या घड्या टाकल्या आणि गाडी हळूहळू, रडतखडत बाहेर काढली.

डांबरी रस्त्यावर रेंज आली. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी अबूबकरला उतरवून घेतलं तेव्हा त्याचे डोळे उघडे होते. "उंट," एवढंच तो म्हणाला.

"पाणी प्यायलेत," रामेश्वर म्हणाला.

ऑफिसात गाड्यांच्या फेऱ्या डग्लस परेरा लावी. हा वसईचा माणूस घरच्यासारखं मराठी बोले. पाणी न मिळालेल्या इझब्यांच्या मालकांचे फोन येऊन गेले होते. डग्लसने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळ चोळलं.

"रामेश्वर, माणूस वाचवलास, त्याबद्दल कोण काय बोलणार? पण त्या मालकांना ड्रायव्हर बदलून हवाय. तू थोडे दिवस शहरात काम कर."

रामेश्वरने वाद घातला नाही. वाद घालायला अंगात जोर लागतो. शहरात त्याला बांधकामांवरची धूळ दाबायला पाणी शिंपडायचं काम मिळालं. फेरा सोपा होता, रस्ता गुळगुळीत, तरी संध्याकाळी कॅम्पवर येऊन तो जेवणाआधीच झोपून जाई. सांडलेल्या पाण्याचं त्याने बबीताला सांगितलं नाही. अबूबकर आजारी पडला होता, बरा झाला, एवढंच सांगितलं.

दक्षिणेच्या फेरीवर गेलेला नवा ड्रायव्हर महिन्याभरात कंटाळला. त्यानंतरचा वाटच चुकला. मग तेच मालक, ज्यांनी तक्रारी केल्या होत्या, जुनाच माणूस पाठवा म्हणू लागले. डग्लसने विचारलं तेव्हा रामेश्वर फक्त "बरं" म्हणाला.

ऑक्टोबरात तो शेवटच्या इझब्यावर गेला. अबूबकर तिथेच होता, बराच वाळलेला. मायदेशी जाण्यासारखी परिस्थिती नव्हती, आणि शहरात उंट राखणाऱ्याला कोण काम देणार? मालकाने एवढं केलं होतं की सोबतीला संपत नावाचा माणूस ठेवला होता. बाडमेरचा, उंटांत वाढलेला.

"आता दोघं आहात, बरं झालं," रामेश्वर म्हणाला.

अबूबकरने मान हलवली. "हा रात्री गातो," तो म्हणाला. "वाईट गातो. पण गातो."

संपत हसला आणि टँकरचा पाईप टाकीकडे ओढायला पुढे झाला. रामेश्वरने त्याला ओढू दिला. तो टाकीच्या सावलीत, दगडाला पाठ टेकून बसला, आणि अबूबकरने चहा आणेपर्यंत त्याचा डोळा लागला होता. दोघांनी त्याला उठवलं नाही. टाकी भरल्यावर वॉल्व्ह संपतने बंद केला.