दार लावण्याआधी

"कोनी राह्यलं का बाहीर? दार लावून राह्यली!"

दिवस मावळायला टेकला की गडाच्या वेशीत उभी राहून ती म्हातारी असा आवाज द्यायची. एकदा, दोनदा, तीनदा. मग मान तिरपी करून जरा ऐकायची. आणि मग पाय रोवून, दोन्ही तळवे पुढे करून दार लोटायची.

दार नव्हतंच. ते कधी गेलं हे गावात कोणालाच सांगता येत नसे. उरली होती नुसती दगडी कमान आणि खाली दाराचा खुंट फिरायचा तो खळगा. तरी ती एक फळी लोटायची, दुसरी लोटायची, अडसर घालायची आणि पदराला हात पुसायची.

"जड हाये बाई," धापा टाकत मला म्हणायची. "एकटीच्यानं होत नाही."

मी हसायची. तुम्हीही हसला असता.

माझा धंदा बांगड्यांचा. चिखलीहून माल आणायचा आणि गाठोडं खांद्यावर टाकून गावं फिरायची. गडावर जायला चढण वाईट, आणि वर घरं मोजकी. पाण्यासाठी, शाळेसाठी एकेक घर खाली सडकेला उतरत गेलं. तिचा मुलगाही उतरला. ती नाही उतरली.

आम्हा बांगडीवाल्यांना माणसाचा हात आधी कळतो, चेहरा मागून. तिचा हात सव्वादोनच्या मापाचा. जन्मभर शेणामातीत राहूनही भिजवलेल्या कणकेसारखा मऊ. पण नवरा गेल्यापासून तो उघडाच. किती आग्रह केला तरी भरू द्यायची नाही. आणि दर दसऱ्याला मात्र डझनभर हिरव्या बांगड्या घ्यायची.

पहिल्यांदा मी विचारलं, कोणासाठी? तर म्हणाली, "बाहीरच्या बाईसाठी."

गोष्ट तुम्ही या भागातले असाल तर ऐकली असेल. कोण्या काळी गडावर फौज चालून आली. घाईघाईनं दार लावलं. आणि दार राखणाऱ्याची बायको खाली झऱ्यावर पाण्याला गेलेली. तिनं बाहेरून तीन हाका मारल्या. नवऱ्यानं आवाज ओळखला, पण दार उघडलं नाही. गड वाचला. सकाळी दारासमोर नुसती घागर होती. तेव्हापासून त्या घराण्यानं तीनदा विचारल्याशिवाय दार लावायचं नाही, असा नेम. आमची ही त्याच घरातली सून. नवरा होता तोवर तो विचारायचा, मग तिच्यावर आलं.

मी तिच्याच हाताच्या मापाचा डझन काढून दिला. तिनं परत सारला.

"नोको. मोठ्या दे, अडीचच्या. पोटुशी होती ना ती. हात सुजेल असतीन."

गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या बाईला हात होते, हे मला तेव्हा कळलं. त्यानंतर दर वर्षी मी अडीचचा एक डझन बाजूला ठेवायची. एकेक बांगडी वाजवून बघायची, चीर नको म्हणून. म्हातारी त्या कमानीतल्या कोनाड्यात, देवळीत, नेऊन ठेवायची.

अलीकडे रविवारी बुलढाण्याकडची पोरं गाड्या घेऊन यायची, मोबाईलवर तिचं चित्रण करायची. एकानं तर, नीट आलं नाही आजी, परत एकदा आवाज द्या, असं सांगितलं. ती रागावली नाही. त्याला दंडाला धरून उंबऱ्यावरून बाजूला केलं.

"सरक बे. ती आली तं तू मधातच उभा."

पोरगा हसला खरा, पण सरकला. आणि नंतर त्या कमानीत कोणी उभं राहीना.

मलाही तिची ताकीद असायची, तिसऱ्या हाकेच्या आत निघ, नाहीतर सकाळपर्यंत वरच राहा. लावलेलं दार ती कोणासाठी उघडायची नाही.

मागच्या हिवाळ्यात ती ओट्यावरून पडली. खुबा मोडला. मुलगा माणसं घेऊन वर गेला आणि बाजेवर घालून तिला खाली आणलं. भर दुपारी. बाज कमानीखालून निघाली तेव्हा तिनं दगड धरून ठेवला होता, हात सोडवावा लागला, असं त्यानंच मला सांगितलं.

मी भेटायला गेले. मुलानं काही कमी ठेवलं नव्हतं. दवाखाना झाला होता, गादी होती, पंखा होता. खिडकी मात्र सडकेकडे. दिवस कलला तशी तिची चुळबूळ सुरू झाली.

"माय, आता तिथी ना दार, ना मानूस," मुलगा म्हणाला. "झोप आता."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "दार लावलं का?"

"लावलं," मी म्हटलं.

"तीनदा इचारलं?"

"इचारलं."

"कोनी राह्यलं होतं का बाहीर?"

"नाही, माय. समदे आले आत."

ती शांत झाली. मला वाटलं, झोप लागली. मी गाठोडं बांधायला घेतलं. तर तिनं डोळे उघडले आणि अगदी हळू विचारलं,

"मंग मी कुठी हावो?"

मुलगा उठून बाहेर गेला. मी तिचा हात हातात घेतला. तो सुजला होता. सव्वादोनची बांगडी त्यात गेली नसती.

त्याच आठवड्यात ती गेली. खालीच.

दसऱ्याला मी गड चढले. मुक्कामाची तयारी करूनच निघाले होते, तिच्या बंद घराचा ओटा होता. कमानीतल्या देवळीत दोन डझन ठेवले. दोन्ही अडीचचे.

दिवस मावळायला टेकला. कमानीत उभी राहून मी पहिली हाक मारली. दुसरी मारली. तिसरी मारली. खाली झऱ्याकडच्या पायवाटेवर काही हललं नाही. मी ऐकत राहिले. मग आठवलं, मी मधातच उभी आहे. अंग चोरून बाजूला झाले, भरल्या घागरी घेऊन बायका येतात तेव्हा होतो तशी. दोघींना पुरेल एवढी वाट ठेवली.

बराच वेळ तशी थांबले. मग पाय रोवले, दोन्ही तळवे पुढे केले आणि लोटलं.

दार जड होतं.