अर्धी अर्धी पुडी

सुई टोचायच्या आधीच मामा "झालं, झालं" म्हणायचे. सिरिंजचं वेष्टनसुद्धा फाडलेलं नसायचं. हात स्वतःच्या पँटला पुसायचे, मग करडाच्या जबड्याखाली घालायचे आणि "झालं लेकरा, झालं की," असं पुटपुटत तसेच उभे राहायचे. करडू निवांत झालं की माझ्याकडे न बघता दुसरा हात मागं करायचे. त्या हातात मी सिरिंज ठेवायची.

ही सवय त्यांना सगळीकडे होती. काचसामान धुतलं का, असं माझ्या गाईड सरांनी विचारलं की मामा बाह्या वर करता करता "झालं, झालं" म्हणायचे. सर चिडायचे, पण वाट बघायचे. असा एक मामा तुमच्याही कॉलेजात, दवाखान्यात असेलच. नाव रजिस्टरात असतं, तोंडात कुणाच्याच नसतं. आमचे मामा आधी जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते, मग आमच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून आले. राहायला मुकुंदवाडीला, स्टेशनाच्या मागं.

मी तेव्हा पीएचडी करत होते. आमचं घराणं कारकून आणि मास्तरांचं. शेळीला हात लावणारी त्यातली मी पहिलीच, आणि मी तिला भ्यायची. विषय मात्र शेळ्यांचाच घेतला होता. रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर जंतू ओळखणारे रिसेप्टर असतात. झिंक ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण खाद्यातून दिले तर करडांच्या अंगातले हे रिसेप्टर जास्त जागे होतात का आणि त्यांची हगवण कमी होते का, हे मला बघायचं होतं. लागोपाठ दुष्काळाची वर्षं होती. आयांना चारा नाही म्हणून करडांना दूध नाही, आणि अशी करडं हगवणीनं पटापट जायची.

चिकलठाण्याच्या पुढं, जालना रोडच्या आत, कडूबाई नावाच्या बाईंच्या शेळ्या होत्या. त्यांचं चराऊ रान दर महिन्याला थोडं थोडं कमी व्हायचं. आज बाभळी होत्या तिथं पुढच्या खेपेला पांढऱ्या खुणांचे दगड आणि 'प्लॉट विकणे आहे'ची पाटी. कडूबाई मला पहिल्या दिवशी म्हणाल्या, "रगत कामून काढता, बाई? अंगात हायच किती त्यांच्या?"

मी रिसेप्टर समजावून सांगू लागले. दोन वाक्यांत माझी गाडी रुतली. मामा मधे पडले. "हे बघा, रगतात चौकीदार असतेत. चोर आला तर ते वळखतेत का झोपा काढतेत, ते ताई बघायल्यात."

"मंग बघा की," म्हणत कडूबाईंनी स्वतः करडू धरलं. पुढं प्रबंधाच्या प्रस्तावनेत याच मुद्द्यावर मी चार पानं लिहिली. मामांच्या वाक्याइतकी ती कुणालाच पटली नाहीत.

प्रयोग साधा होता. तीस करडं. पंधरांच्या गळ्यात लाल दोरा, पंधरांच्या निळा. लाल दोऱ्याच्या करडाला रोज सकाळी ज्वारीच्या पिठाच्या गोळीतून एक पुडी पांढरी भुकटी, निळ्याला नुसतीच गोळी. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, म्हणून रोजचं खाऊ घालणं मामांकडे. मी फक्त रक्ताच्या दिवशी जायची, बर्फाचा डबा मांडीवर घेऊन. मामांनी एक दिवस चुकवला नाही. तापात गेले, पावण्यारावळ्यांत गेले, मेव्हण्याच्या लग्नाच्या दिवशी तर नवे कपडे घालून गेले आणि लेंड्या लागलेली चप्पल घेऊन मांडवात पोचले.

सगळे नमुने तपासून झाले तेव्हा लाल आणि निळ्यात काडीचा फरक निघाला नाही. वाईट वाटलं, पण तेही एक उत्तर असतं. मग मी रक्तातलं जस्त, म्हणजे झिंक, मोजलं. ते निळ्या दोऱ्याच्या करडांतही वाढलेलं होतं, अगदी लालइतकंच. मशीनला शिव्या दिल्या, पुन्हा मोजलं. तेच. तिसऱ्यांदा मोजत होते तेव्हा मामा चहा घेऊन आले.

"मामा, पुडी लालवाल्यांनाच देत होतात ना?"

"नाय, दोघांला," मामा म्हणाले. चेहऱ्यावर शाबासकीची अपेक्षा. "अर्धी अर्धी करायचो. कुणाला कमी नाय, कुणाला जास्त नाय."

"दोघांला? कशासाठी?"

"आता एका दावणीची लेकरं, ताई. अर्ध्यांनी खायचं अन् अर्ध्यांनी बघायचं, असं असतंय का कुठं? कडूबाई म्हनली, मपल्या निळ्या दोऱ्यावाल्यांनी काय घोडं मारलंय? काय सांगावं तिला?"

मी भडकले. माझा राग वाईट आहे, घरचे सांगतील. तुम्हाला काय कळतं, माझं वर्ष मातीत घातलंत, असं बरंच काही बोलले. मामा चहाचा कप हातात तसाच धरून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "वर्ष? अख्खं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी त्यांना रिसेप्टर सांगितले होते, बर्फ सांगितला होता, सुईचा नंबर सांगितला होता. पण अर्ध्यांना का द्यायचं नाही, हे कधी सांगितलंच नव्हतं. मला ते इतकं उघड वाटत होतं. त्या दिवशी सांगितलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवत गेले.

रात्रभर मी एक वाईट विचार करत होते. जस्ताचे आकडे गाळले तर 'फरक आढळला नाही' असा प्रबंध सरळ जमत होता. सकाळी लाजतलाजतच पोचले, तर सरांच्या खोलीतून मामांचा आवाज. "ताईची चूक नाय, सर. मपली हाय. लिहून देऊ का?" मी आत गेले आणि जस्ताचे आकडे सरांच्या टेबलावर ठेवले.

सरांनी मामांचं बाहेरचं काम बंद केलं, त्यांना भांडी धुवायला बसवलं. मला सहा महिने वाढवून मिळाले. कडूबाईंच्या नव्या वेतातली करडं घेतली आणि आता गोळ्या मी स्वतः चारू लागले. मोपेडवरून भल्या पहाटे चिकलठाण्याच्या पुढं. शेळीची भीती कधी गेली कळलं नाही. निळ्या दोऱ्याची करडं नुसती गोळी खाऊन माझ्या हाताचा वास घेत राहायची. कडूबाई नुसत्या बघायच्या. मामा रोज दुपारी सिंकपाशी विचारायचे, "आज कशी हायत लेकरं?" मी एकेकाचं सांगायची.

महिन्याभरात निळ्या दोऱ्याचं एक करडू हगवणीनं पडलं. डॉक्टर आणले, सलाईन लावलं, रात्री कडूबाई उशाशी बसल्या. सकाळी ते गेलं. माझ्या वहीत त्याची नोंद एका ओळीची.

परत आले तर मामा चाचणी नळ्या धूत होते. माझा चेहरा बघून त्यांनी नळ बंद केला.

"कोणतं?"

"कपाळावर पांढरा ठिपका होता ते."

मामांनी हातातली नळी स्टँडवर ठेवली. मग हळूच म्हणाले, "बिगर पुडीचं व्हतं का, ताई?"

मी त्यांच्या ओल्या हातांकडे बघितलं. आणि म्हणाले, "नाही मामा. पुडीवालं होतं."

माझ्या सगळ्या संशोधनात खोटी सांगितलेली गोष्ट ही एवढीच. वहीत नाही, प्रबंधात नाही; फक्त मामांना. त्यांचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा माझ्यासाठी पडला.

"म्हंजे पुडीत काय दम नाय म्हना," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या, ताई. व्हतंय असं."

खरं तर दम होता. फार नाही, पण लाल दोऱ्याची करडं कमी आजारी पडली, रिसेप्टरही बऱ्यापैकी जागे झालेले दिसले. प्रबंध पास झाला. मामांना पेढा दिला तर त्यांनी तो कपाळाला लावला आणि म्हणाले, "पास केलं ना त्यांनी? मानसं भली असतेत." पुडी चालली हे सांगायचं, तर ते करडू पुडीवाचून गेलं हेही सांगावं लागणार होतं. निवृत्त होईपर्यंत ते मला धीर देत राहिले. माझा लेख छापून आला तेव्हा पाठीवर हात ठेवून म्हणाले, "शिकल्यालं वाया नाय जात."

मामा गेल्याचं मला उशिरा कळलं. मुकुंदवाडीला त्यांच्या घरी गेले. पलीकडे, चिकलठाण्याच्या बाजूला, रो-हाऊसांच्या रांगा. कडूबाईंनी शेळ्या विकून टाकल्याचं आधीच ऐकलं होतं. मामी मला पहिल्यांदाच बघत होत्या. मी कोण ते सांगितलं तशी त्यांनी माझा हात धरला, जवळ बसवलं आणि शेजारच्या बायका उठून जाईपर्यंत काही बोलल्या नाहीत.

मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "करडांचं लई सांगायचे. पन त्या पुडीचं नाव कवाच नाय काढू दिलं कुनाला. मी इचारलं तर म्हनायचे, गप, ती पुडी नाय चालली. ताईला वाईट वाटतंय, लेकीची जात हाय."